डॉक्टर, जरा विचारायचं होतं: फॅक्टर आधी, बाकी सगळं नंतर

मागच्या अंकात एका उत्तरात हिमोफिलियाचा ओझरता उल्लेख केला होता, तर त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. एप्रिल महिना आहे ते बरंच झालं, १७ तारखेला जागतिक हिमोफिलिया दिन असतो, फ्रँक श्नाबेल नावाच्या माँट्रियलच्या माणसाचा तो वाढदिवस, त्याला स्वतःला हा आजार होता आणि त्यानेच १९६३ साली जागतिक संघटना उभी केली. असो. नव्या वाचकांसाठी आधी एवढंच: रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना आकडे दिलेत. हिमोफिलिया ए मध्ये आठवा कमी असतो, बी मध्ये नववा, म्हणून रक्त लवकर थांबत नाही, सिव्हिअर म्हणजे तो जवळजवळ नसतोच, आणि तेच फॅक्टर बाटलीतून शिरेत देता येतं. पत्रं थोडी कापून छापतेय, नावं कुणाचीच देत नाही.

बार्शी तालुक्यातून एक आई लिहितात:

मॅडम, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. रांगायला लागला तेव्हा गुडघ्यावर, छातीवर काळेनिळे डाग पडायचे, लोक म्हणायचे पोराला मारता का. वर्षाचा असताना कान टोचले तर दोन दिवस रक्त थांबेना. मग तपासणी झाली, हिमोफिलिया ए, सिव्हिअर. आमच्या माहेरी सासरी कुणालाच नाहीये हा आजार, तरी सासूबाई म्हणतात तुझ्याकडून आला. आता रात्री गुडघा दुखतो म्हणून रडतो, आम्ही सकाळपर्यंत वाट बघतो, सूज दिसली की गाडी करून सोलापूरला नेतो. तोवर सासूबाई तेल चोळतात, निर्गुडीचा शेक देतात. फॅक्टर नक्की कधी द्यायचं आणि घरी देता येतं का?

उत्तर: ताई, आधी ते चोळणं बंद करा, आज, आत्ता. सासूबाई प्रेमानेच करतात यात शंका नाही पण सांध्यात रक्त येत असताना चोळलं किंवा शेकलं की ते अजून वाढतं. हाडवैद्याकडे तर चुकूनही नेऊ नका. गार पाण्याची किंवा बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायची, पाय उशीवर, पोराला उचलून घ्यायचं, चालवायचं नाही. पण हे सगळं फॅक्टर मिळेपर्यंत करायचं, फॅक्टरच्या ऐवजी नाही.

आणि सकाळपर्यंत थांबायचं नाही. सूज दिसते तेव्हा रक्त आत साचून बराच वेळ झालेला असतो. गुडघ्याच्या आत एक नाजूक अस्तर असतं, रक्त तिथे साचलं की रक्तातलं लोह त्या अस्तरात मुरतं, अस्तर सुजतं, त्यात नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या परत सहज फुटतात, म्हणजे एकदा रक्त आलं की पुढच्या वेळी तिथेच यायची तयारी होऊन बसते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्त आलं तर त्याला आम्ही टार्गेट जॉइंट म्हणतो आणि तिथून पुढे कूर्चा झिजायला लागते. तिशीतच दोन्ही गुडघे न वळणारे पेशंट मी बघते, त्यातल्या बहुतेकांच्या आयांनी सकाळपर्यंतच वाट बघितलेली असते, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचा मुलगा लहान आहे, नीट सांगू शकणार नाही, म्हणून खुणा बघा: एक पाय टेकवत नाही, टाचा उचलून चालतो, गुडघा वाकवूनच धरतो, सरळ करायला गेलं की ओरडतो, त्या गुडघ्याची कातडी दुसऱ्यापेक्षा गरम लागते. मोठी मुलं तर स्वतःच सांगतात, आत मुंग्या आल्यासारखं होतंय, काहीतरी भरून येतंय. एवढं म्हटलं की फॅक्टर. खोटं बोलत असेल तर एक बाटली फुकट गेली, खरं बोलत असेल तर गुडघा वाचला. शंका आली तर फॅक्टर द्या असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

घरी देता येतं, हो. चार वर्षांच्या मुलाची शीर सापडणं सोपं नसतं, त्यामुळे आधी हॉस्पिटलच्या सिस्टरकडून हाताला हात लावून शिकून घ्या, आणि सुरुवातीचे डोस तिथेच होऊ द्या. करायचं कसं ते थोडक्यात सांगते म्हणजे भीती जाईल. बाटली फ्रीजमधून काढून नुसती टेबलावर ठेवायची, गरम पाण्यात नाही. दोन्ही बाटल्यांची रबरी बुचं स्पिरिटने पुसून वाळू द्यायची, फुंकर मारायची नाही (सगळे मारतात). पाणी पावडरवर धबकन न सोडता काचेच्या कडेने सोडायचं आणि मग बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून हळू फिरवायची, जोरात हलवली की फेस येतो आणि औषध खराब होतं. पाणी स्वच्छ दिसलं की सिरिंजमध्ये घ्यायचं, फुलपाखराच्या पंखांची बारीक सुई हाताच्या मागच्या शिरेत, दोन-तीन मिनिटं सावकाश. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरायचं. बाटलीवरचं स्टिकर वहीत चिकटवायचं, तारीख, वेळ, कुठला सांधा. ही वही जपा, पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तीच मागणार आहे.

डोसचा अंदाज असा की फॅक्टर आठ किलोमागे १ युनिट दिलं तर पातळी साधारण २ टक्क्यांनी वर जाते, म्हणजे १६ किलोच्या मुलाला २५० युनिटची एक बाटली दिली की ३० टक्क्यांच्या आसपास. पण ते ८ ते १२ तासांत निम्मं होतं, लहान मुलांत त्याहून लवकर, म्हणून मोठ्या ब्लीडला दुसरा डोस लागतो. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर कागदावर लिहून देतील, तो फ्रीजच्या दारावर चिकटवा. आणि एक विचारा त्यांना: आठवड्यातून दोन-तीनदा कमी डोसमध्ये फॅक्टर आधीच देऊन ठेवता येईल का, म्हणजे रक्त यायची वाटच बघायची नाही. याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, सिव्हिअर मुलांसाठी जगभर आता हीच पद्धत धरतात. सरकारी दवाखान्यातून फॅक्टर मोफत मिळतं पण साठा कायम असतोच असं नाही, तेव्हा निघायच्या आधी फोन करून विचारायची सवय ठेवा.

राहिलं सासूबाईंचं. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकात तो बदल नव्यानेच झालेला असतो. कुणी काही खाल्लं म्हणून नाही, ग्रहणात बाहेर गेलं म्हणून नाही. आणि समजा आईकडून आला तरी तो तिने काही ठरवून दिलेला नसतो ना. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, माझं नाव घेऊन दाखवा.

गडहिंग्लजजवळच्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी:

सहावीत एक हिमोफिलियाचा मुलगा आलाय. हुशार आहे. हेडसर म्हणतात याला खेळाच्या तासाला वर्गातच बसवा आणि सहलीला नेऊ नका, उगाच काही झालं तर आपल्या अंगावर. मला पटत नाही पण भीतीही वाटते.

उत्तर: गुरुजी, तुम्हाला पटत नाही हे फार बरं आहे. वर्गात बसवून ठेवलेल्या मुलाचे स्नायू बारीक होतात आणि बारीक स्नायूंचा सांधा जास्त वेळा रक्ताळतो. कबड्डी, कुस्ती, सीझन बॉलचं क्रिकेट नको. लंगडी पण नको, एका घोट्यावर सगळा भार येतो. पळू द्या, सायकल हेल्मेट घालून, टेनिस बॉलने खेळू द्या, बॅडमिंटन, आणि पोहणं तर सगळ्यात उत्तम, फक्त विहिरीत वरून उड्या नको, पायऱ्यांनी उतरायचं.

खरचटलं, पेन्सिल टोचली तर घाबरायचं काही नाही, पाच-दहा मिनिटं दाबून धरा, थांबतं. लोकांना वाटतं या मुलांना जरा कापलं की रक्ताच्या धारा लागतात, तसं नसतं, खरा धोका आतल्या रक्ताचा, जे दिसत नाही त्याचा. नाकाचा घोळणा फुटला तर कांदा हुंगवायचा नाही, डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घड्याळ लावून दाबायचा.

डोक्याला लागलं तर मात्र एक मिनिट घालवू नका. मुलगा हसत असला, टेंगूळ लहान असलं तरी पालकांना फोन आणि फॅक्टर. फॅक्टर आधी, सीटी स्कॅन नंतर. उलटी, पेंगणं, डोकं दुखणं सुरू व्हायची वाट बघायची नाही. सहलीला जरूर न्या, बर्फाच्या थर्मासमध्ये दोन बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर, बाटली बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठली की वाया. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस देतात, ती दंडात स्नायूत देतात, तेव्हा त्याचं नाव आधीच सिस्टरना सांगा, बारीक सुईने आणि नंतर दहा मिनिटं दाबून ती देता येते पण आधी माहीत हवं. आणि हेडसरांना सांगा की हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, मुलाला आजारामुळे बाजूला ठेवणं हीच गोष्ट अंगावर येऊ शकते.

पुण्यात होस्टेलवर राहणारी एक मुलगी, वय १९:

माझी पाळी नऊ-दहा दिवस चालते, पहिले तीन दिवस दर तासा-दीड तासाला पॅड, रात्री दोन लावून पण चादर खराब होते. हिमोग्लोबिन सातवर आलं. लहानपणापासून घोळणा फुटतो, अक्कलदाढ काढली तेव्हा रात्रभर रक्त. आई म्हणते आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं, तिचीही गर्भपिशवी चाळिशीत काढलीय. तीन डॉक्टर झाले, सगळ्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी नॉर्मल. प्लेटलेट नॉर्मल. मग हे काय आहे?

उत्तर: तुझं पत्र सगळ्या स्त्रीरोग तज्ज्ञांनी वाचावं म्हणून जवळजवळ पूर्ण छापलंय. "आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं" हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात, कारण घरात सगळ्यांचं असणं हीच तर खूण आहे.

सगळ्यात जास्त आढळणारा आनुवंशिक रक्तस्रावाचा आजार हिमोफिलिया नाही, तो आहे फॉन विलेब्रँड. मुलगा मुलगी दोघांनाही होतो. या नावाचं एक प्रथिन रक्तात असतं, ते प्लेटलेटला फुटलेल्या जागी चिकटवून धरतं आणि फॅक्टर आठलाही सांभाळतं. ते कमी पडलं किंवा बिघडलेलं असलं की नाक, हिरड्या, पाळी, दात काढणं, बाळंतपण, अशा ठिकाणी रक्त थांबत नाही. प्लेटलेटची संख्या बहुतेकदा नॉर्मलच येते म्हणून डॉक्टर फसतात. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली या आजाराचं वर्णन केलं, त्या घरातली ज्या मुलीमुळे हे सगळं उलगडलं ती तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. आज आपल्याकडे पण मुली लोहाच्या गोळ्यांवर वर्षं काढतात, हे मला अजिबात मान्य नाही.

तू आता काय करायचं ते सांगते. रक्तविकार तज्ज्ञाकडे जा, हिमॅटॉलॉजिस्ट, पुण्यात आहेत बरेच. फॉन विलेब्रँड अँटिजेन, त्याची ॲक्टिव्हिटी आणि फॅक्टर आठ, या तिन्ही तपासण्या एकदमच. एकदा नॉर्मल आली म्हणून सुटका नाही, कारण ताण, ताप, हार्मोनच्या गोळ्या, गरोदरपण यांनी हे प्रथिन वाढतं आणि आजार लपतो, म्हणून दोनदा करावी लागते. ओ रक्तगटात ते मुळातच थोडं कमी असतं तेही लक्षात ठेवावं लागतं. हे सगळं ठीक आलं तर प्लेटलेटचं काम तपासायचं, संख्या नाही, काम. ग्लान्झमन नावाच्या आजारात प्लेटलेट मोजायला गेलं तर भरपूर आणि एकमेकांना चिकटायला मात्र तयार नाहीत, पहिल्याच पाळीत मुलीला आयसीयूत न्यावं लागतं कधी कधी.

उपचार आहेत आणि ते महागच असतात असं नाही. ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत, त्या गुठळी टिकवून धरतात. हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी, लग्न झालेलं नसलं तरी बसवता येते आणि ते तुझं आणि डॉक्टरांचं ठरवायचं, मावशीचं नाही. काही प्रकारांत डेस्मोप्रेसिन चालतं, आधी एकदा देऊन पातळी वर जाते का बघतात, आणि ते घेतल्यावर दिवसभर पाणी मोजून प्यायचं. सिव्हिअर प्रकाराला फॉन विलेब्रँड असलेलं फॅक्टर. लोह घे, पण फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घे, हिमोग्लोबिन सातवर आहे म्हणजे साठा रिकामा असणार, कदाचित शिरेतून द्यावं लागेल. आणि आईलाही तपासायला घेऊन जा. तिची पिशवी कदाचित न काढताही चाललं असतं, पण ते आता तिला बोलून दाखवू नकोस.

नांदेडहून एक वडील:

मुलगा सतरा वर्षांचा, हिमोफिलिया ए. पूर्वी फॅक्टर लागू पडायचं, आता देऊनही ब्लीड थांबत नाही, इन्हिबिटर आलाय म्हणतात. कुणी सांगतं महिन्याच्या इंजेक्शनने सगळं बरं होतं, कुणी सांगतं वेल्लोरला जीन थेरपीने कायमचं जातं. दोन एकर आहे, विकायची तयारी आहे. खरं काय?

उत्तर: दादा, जमीन विकू नका, निदान हे वाचल्याशिवाय तरी नाही.

इन्हिबिटर म्हणजे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये साधारण ३० टक्के जणांना कधी ना कधी होतं, बहुतेकदा लहानपणी पहिल्या ५० डोसच्या आतच, पण नंतरही होऊ शकतं. किती आहे ते बेथेस्डा युनिटमध्ये मोजतात. आकडा कमी असेल तर फॅक्टर जास्त डोसमध्ये देऊन भागतं, जास्त असेल तर फॅक्टर आठला वळसा घालून जाणारी औषधं लागतात. तेव्हा आधी तो आकडा मिळवा, नुसतं "इन्हिबिटर आलाय" यावरून काही ठरत नाही.

ते महिन्याचं इंजेक्शन म्हणजे एमिसिझुमॅब. अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं, आपल्याकडेही मिळतं. ते फॅक्टर नाही, फॅक्टर आठ जे काम करतो, म्हणजे नऊ आणि दहा या दोघांना जवळ आणून भेट घालून देणं, तेवढंच हे करतं, आणि इन्हिबिटर त्याला ओळखत नाही म्हणून चालतं. कातडीखाली द्यायचं, शीर शोधायची नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला, नंतर आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी. माझ्या मते तुमच्या मुलासारख्यांसाठी गेल्या कित्येक वर्षांतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, मी उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही. पण बरं करत नाही, बंद केलं की काही महिन्यांत असर जातो. मोठा मार लागला, ऑपरेशन निघालं तर वेगळं औषध लागतंच, आणि त्यात एक धोका आहे जो तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असेलच असं नाही: एमिसिझुमॅब चालू असताना फायबा नावाचं, वर म्हटलं तसं वळसा घालणारं औषध जास्त डोसमध्ये दिलं तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. शिवाय त्याच्यावर असताना एपीटीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो, तो बघून "याला काही झालेलं नाही" म्हणून ऑपरेशनला घेतलं तर पंचाईत. मुलाच्या पाकिटात औषधाच्या नावाचं कार्ड कायम असू द्या. सरकारी पुरवठ्यातून मिळतं का हे सिव्हिल आणि मेडिकल कॉलेज दोन्हीकडे विचारा, स्वतः विकत घ्यायच्या आधी. बी प्रकाराला मात्र हे औषध चालत नाही.

आता वेल्लोर. बातमी खरी आहे. सीएमसी वेल्लोरमध्ये सिव्हिअर हिमोफिलिया ए च्या पाच प्रौढ रुग्णांच्या स्वतःच्याच मूळ पेशी काढून त्यात फॅक्टर आठचं जनुक घातलं आणि परत दिल्या, त्यानंतर त्यांना ब्लीड झाले नाहीत, डिसेंबर २०२४ मध्ये ते छापून आलं. फार अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या पेशी परत देण्याआधी किमोथेरपी द्यावी लागते, आणि हा अभ्यास होता, पैसे भरून घेता येणारा उपचार नाही. अभ्यासात घेताना पैसे मागत नाहीत, कुणी एजंट मागत असेल तर तो फसवतोय. परदेशातली बी प्रकाराची एक जीन थेरपी ३५ लाख डॉलरला आहे, ती दोन एकरात बसत नाही.

लातूर जिल्ह्यातून, एक जोडपं:

आमचं लग्न नात्यातलं, मामाची मुलगी. पहिलं बाळ नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त जाऊन दगावलं. दुसऱ्यालाही तसंच, पण वाचलं. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल. शेवटी मुंबईला फॅक्टर तेराची कमतरता निघाली. आता काय?

उत्तर: बेंबीतून रक्त आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, हे ऐकलं की फॅक्टर तेरा आठवायलाच हवं, पण आठवत नाही कुणाला. बाकीचे फॅक्टर गुठळी बनवतात, तेरावा तिला घट्ट विणतो, तो नसला तर गुठळी बनते वेळेवर आणि मग सुटते, म्हणून साध्या तपासण्यांत काहीच दिसत नाही. गुठळी युरियात टाकून विरघळते का बघायची ती जुनी तपासणी अजून कामाला येते.

पहिल्या बाळाचं वाईट वाटलं. पण दुसऱ्याचं चांगलं होऊ शकतं, फार चांगलं. या आजारात डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका मोठा असतो म्हणून काही झाल्यावर नाही तर आधीपासूनच औषध द्यायचं, आणि हा फॅक्टर शरीरात बरेच दिवस टिकतो, निम्मा व्हायलाच ९ ते १४ दिवस, त्यामुळे महिन्यातून एकदा क्रायो (दात्याच्या रक्तातून वेगळा काढलेला, फॅक्टर असलेला भाग) दिलं तरी मूल शाळेत जातं, धावतं. तारीख चुकवू नका एवढंच, ऊसतोडीला जावं लागलं, लग्नसराई आली तरी नाही. क्रायो रक्तपेढीतून येतं म्हणून हेपेटायटिस बी ची लस पूर्ण करून घ्या. आणि पुढचं मूल हवं असेल तर प्रत्येक वेळी त्यालाही हा आजार असायची चारात एक शक्यता आहे, आधी सल्ला घ्या. नात्यातलं लग्न केलं म्हणून आता स्वतःला दोष देत बसू नका, पण घरातल्या पुढच्या सोयरिकी जमवताना हे सगळ्यांच्या कानावर घाला.

ठाण्याहून एक ताई:

माझा भाऊ हिमोफिलियाचा. माझं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना सांगायचं का? तपासणी कुठे होते?

उत्तर: सांगायचं, पण आधी स्वतःला माहीत करून घ्यायचं. आई वाहक असेल, म्हणजे जनुकातला तो बदल तिच्यात असेल, तर तू वाहक असायची शक्यता अर्धी. नुसत्या फॅक्टरच्या पातळीवरून कळत नाही, वाहक बाईची पातळी नॉर्मलही असते. आधी भावाच्या जनुकातला बदल शोधायचा, मग तोच तुझ्यात आहे का बघायचा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, सगळे एनआयआयएच म्हणतात, तिथे हे काम वर्षानुवर्षं चालतं. भावाला बरोबर ने.

स्वतःची फॅक्टर पातळी मात्र नक्की करून घे, कारण बऱ्याच वाहक बायकांचीही कमी असते आणि त्यांना पाळीत, दात काढताना, बाळंतपणात त्रास होतो, "वाहक आहे, रुग्ण नाही" म्हणून सोडून देतात. वाहक निघालीस तरी प्रत्येक मुलाला आजार असायची शक्यता अर्धी, प्रत्येक मुलीला वाहक असायची शक्यता अर्धी. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर होते. कायद्याने लिंगनिदान बंद आहे पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारासाठी नोंदणी असलेल्या केंद्रात तपासणीला परवानगी आहे, घाबरून चोरून काही करायची गरज नाही. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, आणि मुलगा असू शकतो म्हणून चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचं नाही हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घे. गरोदरपणात फॅक्टर आठ वाढतं आणि बाळंतपणानंतर उतरतं, म्हणून घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जास्त रक्त गेलं तरी लगेच ये, शेक-शेगडीत दिवस घालवू नको. भावाचा बी प्रकार असेल तर फॅक्टर नऊ तेवढं वाढत नाही, ते आधीच सांग.

मुलाकडच्यांचं म्हणशील तर ऐकून पळून गेले तर बरंच झालं की.

कोल्हापूरहून, वय ४४:

हिमोफिलियाने दोन्ही गुडघे गेलेत. दुखण्यावर काय घेऊ? दाढ पण काढायचीय. सर्टिफिकेटचा काही उपयोग होतो का?

उत्तर: पॅरासिटामॉल. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान यातलं काही नाही, ती प्लेटलेटला झोपवतात, आणि कमरेत इंजेक्शन तर कधीच नाही, कंपाउंडर कितीही ओळखीचा असला तरी. दाढ काढायच्या आधी फॅक्टर, भूल द्यायच्या आधीच बरं का, खालच्या जबड्याची भूल खोल देतात आणि तिथे रक्त आलं तर घशाकडे उतरतं. नंतर ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गुळण्या आठवडाभर. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र ते औषध घेऊ नका. गुडघे बदलता येतात हिमोफिलियातही, फॅक्टर पुरेसं हाताशी असेल आणि हिमॅटॉलॉजिस्ट ऑपरेशन करणाऱ्याबरोबर असेल तर. आणि एक: जांघेत दुखून मांडी पोटाकडे ओढली जात असेल, पुढच्या बाजूला बधिर वाटत असेल, तर ते अपेंडिक्स समजून कुणी कापायच्या आत आजार सांगा, आत स्नायूत रक्त असतं ते.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट जरूर काढा, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही. रेल्वेत उपचारासाठी जाताना सवलत मिळते, जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर या आजाराच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांत आजार असलेली मुलं अर्ज करू शकतात. सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र कायद्याने रक्ताचे आजार घातलेलेच नाहीत. तुमचे गुडघे चालण्याच्या अपंगत्वात बसतात का हे बोर्डापुढे वेगळं मांडा, एक्सरे आणि ती स्टिकरची वही घेऊन जा.